ज्यांना देव दिसत नाही त्यांनी अवश्य यावे

दुन साल्व आमच्या स्वयंपाकघरात पवित्र पाणी शिंपडत होते, तेव्हा माझा अपमान झाला.

दुन साल्व म्हणजे आमच्या हाल मिस्काल गावचे फादर. ईस्टर झालं की ते घरोघर जाऊन घरं पवित्र करतात. माझी बायको डोरिस इथलीच, माल्टाची, त्यामुळे आमचंही घर पवित्र होतं. मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत बसतो. पानावर थेंब पडले तर पान झटकतो. बावीस वर्षं हा व्यवहार दोन्ही पक्षांकडून सभ्यपणे चालला होता. पण यंदा निघताना फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "बोहदान, तू आहेस ते बरं आहे बाबा. प्रत्येक गावात नास्तिक असावा. आपल्याकडे एकच आहे, पण चांगला आहे."

एकच! एखाद्या गावात एकच हत्ती असावा, तसं.

"आणखीही असतील," मी म्हटलं.

"कुठे?" फादर म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच इकडे तिकडे पाहिलं. फ्रीजच्या मागेसुद्धा.

आता हे सांगायला हवं की मी मूळचा चेक. आमच्याकडे देव न मानणं ही पायमोजे घालण्याइतकी साधी गोष्ट आहे, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. तिकडे असताना मी नास्तिक नव्हतोच. आपण उंच आहोत हे माणसाला बुटक्या दारातून जाताना कळतं, तसा मी माल्टाला येऊन नास्तिक झालो. त्यात आईवडिलांनी नाव ठेवलं बोहदान. त्याचा अर्थ 'देवानं दिलेला'. गावात हा अर्थ कुणीतरी शोधून काढला, तेव्हापासून माझ्या चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्यावर हसून घेतं आणि मग डोळे तपासून घेतं.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी या गावातले सगळे नास्तिक शोधून काढणार. जास्त नकोत. चार पुरे."

"चार कशाला?" डोरिसनं विचारलं.

"बोलायला."

"माझ्याशी बोल की."

"तू मानतेस."

"मी काय फार मानते? रविवारी तासभर मानते."

सासूबाई, म्हणजे झेझा, शेजारच्याच दारात राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. त्यांनी सूप पिता पिता सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, हरवलेली वस्तू शोधायची तर संत अंतोनला मेणबत्ती लावावी लागते. माझी सोन्याची कुडी त्यानंच शोधून दिली. उद्या लावते तुमच्या नास्तिकांसाठी."

मी निषेध नोंदवला. त्यांनी मेणबत्ती लावली. मोठी लावली, चार माणसांची म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कार्मनू तारेनं बांधलेला चष्मा घेऊन दुकानात आला. कार्मनू गोदीतला निवृत्त वेल्डर. वय ऐंशीच्या पुढे, मनगटं अजून पान्यासारखी. मी काच पुसता पुसता सहज विषय काढला, तर तो काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "देव? माझ्या काकाला बासष्ट साली कबरस्तानाबाहेर कचऱ्याच्या जागेत पुरला रे यांनी! का, तर मजूर पक्षाचा होता, आणि चर्चनं तेव्हा त्या पक्षाला मत देणं पाप ठरवलं होतं. त्या दिवसापासून माझा आणि देवाचा बोलण्याचा संबंध नाही."

"म्हणजे देव आहे, पण तुम्ही बोलत नाही?"

"नाहीच आहे! असता तर मी त्याला सोडला असता का?"

तर्क जरा वाकडा होता, पण पहिलाच माणूस मिळाला होता. मी तर्काकडे पाहिलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आला का एक?" मी खोटं बोलत नाही. "आला," म्हटलं. त्यांनी छताकडे पाहून मान हलवली. माझ्या आयुष्यातला तो फार कठीण क्षण होता.

असं संतांच्या मेहेरबानीवर नास्तिक गोळा करणं माझ्या स्वाभिमानाला परवडणारं नव्हतं. मी दुकानाच्या काचेवर पाटी लावायचं ठरवलं. शेजारची फिलुमेना, जिला गावात काय लिहावं आणि काय लिहू नये याची जन्मजात जाण आहे, ती म्हणाली की 'नास्तिक' शब्द लिहिलास तर काच फुटेल. डोरिस म्हणाली, तो शब्द नको, आईला ब्लडप्रेशर आहे. म्हणून मी दोन दिवस विचार करून सभ्य, सूचक, कुणाचं मन न दुखावणारा मजकूर तयार केला: 'ज्यांना देव दिसत नाही त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता अवश्य यावे. चहा मिळेल.'

चष्म्याच्या दुकानावर ही पाटी लावण्यात काय चूक आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

गुरुवारी पावणेसातला दुकानासमोर तेवीस बायका रांगेत उभ्या होत्या. सगळ्या पासष्टच्या पुढच्या. मला क्षणभर भरून आलं. म्हटलं, तेवीस! बाहेरून मुकाट, आतून पेटलेल्या! पहिलीला आत घेतलं आणि हळूच विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "पुढच्या बाकावरून दिसतो. मागे बसलं की वेदीवरचा देव नुसता धुरकट. मेणबत्त्या तेवढ्या दिसतात."

दुसरीला क्रूस दोन दिसत होते. तिसरीला दिसत होता पण डावीकडून. मी तेवीसच्या तेवीस जणींचे डोळे तपासले. चहा तीनदा ठेवावा लागला. चौदा जणींना नवा नंबर निघाला, सात जणींना मोतीबिंदू, आणि एकीनं जाताना माझा हात हातात घेऊन सांगितलं की मी तुझ्यासाठी माळ जपेन. पुढच्या रविवारी दुन साल्वांनी प्रवचनात माझं जाहीर कौतुक केलं. चर्चमधली उपस्थिती वाढली होती. लोकांना आता दिसत होतं.

पण रांगेच्या शेवटी जोर्जाबाई होत्या.

जोर्जाबाई म्हणजे चर्चची कपडेवाली. वेदीवरच्या चादरी, फादरांचे झगे, आणि आमच्या संत पांतालेओनच्या मूर्तीची लेस, हे सगळं धुणं आणि खळ घालून इस्त्री करणं हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. राहायच्याही चर्चच्याच मागच्या दोन खोल्यांत. त्या खुर्चीवर बसल्या आणि तक्ता वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला. शेवटची ओळही. तिच्या खाली छापखान्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात आहे, तेही वाचलं. बावीस वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. मलाही ते तेव्हाच कळलं.

"जोर्जाबाई, तुमचे डोळे गरुडाचे आहेत. मग आलात कशाला?"

"पाटीवर लिहिलंय म्हणून."

मी दुकानाचं दार लोटून घेतलं. चहाचं भांडं आत उकळत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"एकतीस वर्षं. इस्त्री करता करता एक दिवस लक्षात आलं. वीज पडली नाही की काही नाही. झग्याची बाही मात्र जळली जराशी."

"कुणाला माहीत आहे?"

"इस्त्रीला," त्या म्हणाल्या. "आणि आता तुम्हाला."

मला धरून चौथा सभासद वीजी. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, अत्यंत वाचलेला माणूस. तो स्वतःहून आला आणि पाटीतल्या व्याकरणाच्या दोन चुका दाखवून सभासद झाला. पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं दुकानात बसलो. देव नाही, हा ठराव दहा मिनिटांत एकमतानं मंजूर झाला. मग काय बोलावं ते कुणाला सुचेना. चहा झाला. पास्तित्सी, म्हणजे इथल्या चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, झाल्या. शेवटी कार्मनू म्हणाला, "यंदा आमच्या पांतालेओनच्या उत्सवाला असं दारूकाम करतोय की तुमचा रोक वीस वर्षं तोंड वर काढणार नाही."

इथे एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. गावात संत दोन: पांतालेओन आणि रोक. मंडळं दोन, बँड दोन. कार्मनू पांतालेओन मंडळाचं दारूकाम चाळीस वर्षं सांभाळतो. वीजी रोक मंडळाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

"पांतालेओन!" वीजी तुच्छतेनं म्हणाला. "तो तर ऐतिहासिकदृष्ट्या अस्तित्वातच नव्हता."

"आणि रोक होता?"

"रोकला निदान कुत्रा होता! कुत्र्याची साक्ष आहे!"

"अहो, पण आपण दोघंही मानत नाही ना?" मी मध्ये पडलो.

दोघं माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जणू मीच परका. "देवाचं सोड," कार्मनू म्हणाला, "हा संताचा प्रश्न आहे." त्यानंतर वीजीनं रोकची थोरवी दाखवायला छत्री उंचावली आणि फ्रेम्सचं शोकेस आडवं केलं. जोर्जाबाईंनी काचा गोळा केल्या. डोरिस वरून जिन्यात येऊन म्हणाली, "तुम्हाला देव मानायचा नाही ना, मग बाहेर जाऊन मानू नका."

म्हणून सभागृह हवं झालं. गावातली तीन सभागृहं: एक चर्चचं, एक पांतालेओनचं, एक रोकचं. चौथं ग्रामपंचायतीचं, पण ते फक्त नोंदणीकृत संस्थांना. म्हणून मी राजधानीतल्या एका कचेरीत नोंदणीला गेलो. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला सांगितलं, चार जणांच्या सह्या हव्यात. दुसऱ्या खेपेला सांगितलं, सह्या निळ्या शाईत हव्यात. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटरसमोरच्या बाई म्हणाल्या, "मंडळाचा संत कोण?"

"संत नाही."

"रकाना रिकामा ठेवला तर पुढे जात नाही हो."

"आम्ही नास्तिक आहोत!"

"असा ना, मला काय त्याचं. पण कॉम्प्युटरला सांगा."

"लिहा, कुणी नाही," मी वैतागून म्हटलं.

त्यांनी लिहिलं. आठवड्यानं टपालानं प्रमाणपत्र आलं, शिक्क्यासकट: 'संत कुणीनाही मंडळ, हाल मिस्काल'.

दुरुस्तीचा अर्ज केला. त्याला सहा महिने लागतात म्हणाले. टपालवाल्यानं पाकीट उघडं पाहिलं होतं, त्यामुळे गावाला सहा तास लागले. बेकरीत मला विचारलं, "तुमच्या संताचा उत्सव कधी?" फिलुमेनानं विचारलं, संत कुणीनाही डोकेदुखीवर चालतो का. पांतालेओन मंडळाचा अध्यक्ष ग्रेट्स्यू, हार्डवेअरचा दुकानदार, बोलताना नेहमी छातीवर हात ठेवणारा, तो तर रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "बोहदान, नव्या मंडळाला शुभेच्छा. मूर्ती बनवायला तुम्हाला खर्च नाही, ते एक बरं."

लोकांच्या हसण्यानं माणूस मरत नाही. पण मी त्या दिवशी ठरवलं, आता बास.

जुलैत पांतालेओनचा उत्सव. मिरवणूक आमच्या रस्त्यावरून जाते आणि प्रत्येक गॅलरीवर लाल मखमल आणि दिव्यांची माळ लागते. आमच्याही लागायची, डोरिस लावायची, मी शिडी धरायचो. यंदा ग्रेट्स्यू मखमल घेऊन दारात आला तेव्हा मी म्हटलं, "नाही."

"शिडी नाही का?"

"शिडी आहे. मखमल लागणार नाही. गॅलरी उघडी राहील, आणि मंडळ तिथे बसेल. शिव्या देणार नाही, पाठ फिरवणार नाही. खुर्च्या टाकून बसेल आणि चहा पिईल."

"सगळ्या गावासमोर?"

"गाव समोरून जाणार आहे, त्याला मी काय करू?"

डोरिस दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी मिरवणुकीत चालणार, दरवर्षीसारखी. तू वर बस. पण बनियनवर बसू नकोस." हा मी तिचा पाठिंबा समजलो.

मंडळाला निरोप दिला. कार्मनू म्हणाला, "मी आलोच असतो रे, पण त्याच वेळी दारूकाम आहे." वीजी म्हणाला, पांतालेओनच्या दिवशी मी तत्त्व म्हणून गावात थांबत नाही, बहिणीकडे जातो. जोर्जाबाईंना मी विचारलंच नाही. त्यांचं घर चर्चचं, काम चर्चचं. असल्या माणसाला गॅलरीत बोलावणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं शौर्य करणं.

उत्सवाच्या संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत चार खुर्च्या मांडल्या. तीन रिकाम्या. रस्ताभर लाल मखमल, मध्ये माझी नागडी गॅलरी, पडलेल्या दातासारखी. खालून लोक वर बघत होते. मी चहा पीत होतो आणि चहा संपला होता. रिकामा ग्लास माणूस किती वेळ पिऊ शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

बँडचा आवाज कोपऱ्यावर आला, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. जोर्जाबाई. काळा झगा, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"जोर्जाबाई, तुम्ही घरी जा," मी उठून उभा राहिलो. "अजून कुणी पाहिलं नाही. ती जागा चर्चची आहे. उद्या काढलं तर कुठे जाल?"

"जिना चढून आलेय. बसू द्या आधी," त्या म्हणाल्या, आणि सर्वांत पुढची खुर्ची कठड्याला ओढून बसल्या.

मूर्ती वाहणारे आठ जण घामानं निथळत आले आणि नेमके आमच्या गॅलरीखाली दम खायला थांबले. बँड थांबला. संत पांतालेओन आणि जोर्जाबाई समोरासमोर, हातभर अंतरावर. मग सगळ्या माना वर झाल्या. एवढा शांत रस्ता मी उत्सवात कधी ऐकला नाही.

"जोर्जा," ग्रेट्स्यू खालून ओरडला, "चुकून चढलीस का? ये खाली, मेणबत्ती ठेवलीय तुझी!"

"चुकून नाही चढले."

दुन साल्वांनी झगा सावरत विचारलं, "तब्येत बरी नाही का, जोर्जा?"

"बरी आहे, फादर. मी मानत नाही. एकतीस वर्षं झाली. तुमच्याशी खोटं बोलायचं जिवावर येत होतं, म्हणून वर येऊन बसले." मग त्यांनी मूर्तीकडे नीट पाहिलं. "डाव्या बाजूची लेस दुमडलीय. उचलताना कुणीतरी हात लावलाय. सरळ करा, तिला मी दोनदा खळ दिलीय."

फादरांनी लेस सरळ केली. दुसरं काय करणार? गर्दीतून एक कुजबुज उठली, मग एक शिटी, मग कुणीतरी "लाज नाही!" असं ओरडलं. जोर्जाबाईंनी हात मांडीवर ठेवले होते. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो. बावीस वर्षांत मी कितीदा वाद घातला, वर्तमानपत्रं झटकली, पाट्या लावल्या, पण खरं सांगतो, मला तोवर धोका असा कधी काहीच नव्हता. मी चष्मेवाला. मी चेक. मी गावाचा हत्ती.

तेवढ्यात मिरवणुकीतून सासूबाईंचा आवाज आला, हातात पेटती मेणबत्ती, चेहरा लाल: "अगं जोर्जा, त्या खुर्चीचा मागचा पाय मोडका आहे! रेलू नकोस! या माणसाला पाहुण्यांना खुर्ची देण्याची अक्कल नाही!"

कुणीतरी हसलं. मूर्ती उचलली गेली. बँड वाजू लागला.

सोमवारी सकाळी कपड्यांची टोपली जोर्जाबाईंकडे आली नाही. खोल्या रिकाम्या करायचं कुणी बोललं नाही, पण काम थांबलं. ग्रेट्स्यूनं ते आपल्या वहिनीला दिलं. तीन रविवार आम्ही पाहिलं, म्हणजे डोरिसनं पाहिलं आणि येऊन सांगितलं: पहिल्या रविवारी चादर पिवळी, दुसऱ्या रविवारी फादरांचा झगा आखडून पोटऱ्यांवर, तिसऱ्या रविवारी वेदीच्या मोठ्या लेसवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, होडीसारखा. मी नवे चष्मे दिलेल्या चौदा बायकांना तो मागच्या बाकावरूनही स्पष्ट दिसला.

गुरुवारी सात वाजता आम्ही जोर्जाबाईंच्या खोलीत बसलो होतो. ग्रामपंचायतीचं सभागृह मिळालं नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित होता. कार्मनू आणि वीजी एकमेकांकडे पाठ करून बसले होते, पण आले होते. दार वाजलं. ग्रेट्स्यू. एका हातात टोपली, वर जळकी लेस. दुसऱ्या हातात टाईप केलेला कागद.

"जोर्जा, समितीचं म्हणणं आहे की झालं ते झालं," तो छातीवर हात ठेवू गेला, पण दोन्ही हात गुंतलेले होते. "फक्त एवढी सही कर. काही नाही, साधं आहे."

जोर्जाबाईंनी कागद घेऊन मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं की उत्सवाच्या दिवशी कडक उन्हामुळे मला चक्कर आली, आणि त्या भरात मी भलत्याच गॅलरीत जाऊन भलतंच बोलले, त्याबद्दल मला खेद आहे.

"सही कर," ग्रेट्स्यू म्हणाला. "टोपली आणलीय मी."

वीजी काहीतरी बोलायला उठला. कार्मनूनं त्याला शर्ट धरून खाली बसवलं. जोर्जाबाईंनी लेसवरचा जळका डाग बोटानं चाचपला, बराच वेळ. मग टेबलावरून पेन घेतलं, समितीच्या सगळ्या ओळींवर एक सरळ रेघ मारली, इस्त्रीच्या घडीसारखी, आणि खाली लिहिलं:

'संध्याकाळ होती. वारा छान होता. जोर्जा शुएरेब.'

कागद परत दिला. "समितीला दे. आणि लेस शनिवारपर्यंत होईल, जळालेला तुकडा बदलावा लागेल."

ग्रेट्स्यूनं तो कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. आमच्याकडे पाहिलं, जळक्या लेसकडे पाहिलं. दारात तो इतका वेळ उभा राहिला की चहा निवला. मग त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, वाकला, आणि टोपली खाली ठेवली.